इथली सिस्टर कोण?

मुंबईच्या आमच्या हॉस्पिटलात कुणाला काय हाक मारायची हे पेशंटला पहिल्याच दिवशी कळायचं. सलाइन संपलं की 'सिस्टर', चादर ओली झाली की 'मावशी', स्ट्रेचर न्यायचा असला की 'मामा'. सरकारी कागदावर आमची नावं वेगळी होती. आम्ही अधिपरिचारिका, वॉर्ड सांभाळणाऱ्या परिसेविका, आणि सगळ्यांच्या वर अधिसेविका म्हणजे मेट्रन. पण ते सगळं पगारपत्रकापुरतं. कालच पास होऊन आलेली मुलगीही सिस्टर आणि निवृत्तीला दोन महिने उरलेल्या बाईही सिस्टर. मी सहा वर्षं आयसीयूत काम केलं आणि त्या हाकेची मला इतकी सवय झाली की ती कधी ऐकू येणार नाही असं मनातही आलं नव्हतं.

2003 साली इंग्लंडला आले तेव्हा समजलं की इथे सिस्टर हा हुद्दा आहे. वॉर्डाची जबाबदारी जिच्यावर, ती सिस्टर. बाकीच्या स्टाफ नर्स. पगाराच्या श्रेणीला इथे बँड म्हणतात. नर्सची सुरुवात बँड 5 पासून होते, 6 वर ज्युनियर सिस्टर, 7 वर वॉर्ड चालवणारी. 5 च्या खाली हेल्थकेअर असिस्टंट, म्हणजे आंघोळ घालणं, जेवण भरवणं, कूस बदलून देणं ही कामं करणारी मंडळी. आमच्या इथल्या हॉस्पिटलात सिस्टरचा गणवेश गडद निळा असतो. तो माझ्या अंगावर यायला अकरा वर्षं लागली.

आणि तो अंगावर असतानाही आठवड्यातून एकदा तरी हे घडतंच. मी पेशंटच्या बेडजवळ चार्ट घेऊन उभी असते. मुलगा किंवा सून भेटायला येते. नजर माझ्यावर पडते, माझ्यावरून पुढे सरकते आणि मागे उभ्या असलेल्या गोऱ्या विद्यार्थिनीवर जाऊन थांबते. "सिस्टर, बाबांची तब्येत कशी आहे?" त्या मुलीच्या गणवेशावर 'स्टुडंट नर्स' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. ती बिचारी लाल होते आणि माझ्याकडे बोट दाखवते. माझ्याकडे वळून मागितलं जातं ते बहुतेक वेळा चहा, उशी, किंवा सांडलेलं पाणी पुसायला काहीतरी.

हे मी घरी फोनवर सांगते तेव्हा बार्शीहून ठरलेलं उत्तर येतं: "अगं, सोडून दे. लोकांना काय कळतंय!" सहकारीही तेच सांगतात, जरा वेगळ्या शब्दांत. पेशंट आजारी असतो, नातेवाईक घाबरलेले असतात, त्यांचा हेतू वाईट नसतो. हेतू वाईट नसतो हे मलाही मान्य आहे. माझा आक्षेप त्या मुलाच्या हेतूवर नाहीच. काळी-सावळी बाई दिसली की ती खालच्या पायरीवरची असणार, हे त्याला कुणी शिकवलं, हा माझा प्रश्न आहे. आणि याचं उत्तर त्याच्या संस्कारांत शोधून सापडत नाही. ते हॉस्पिटलांच्या भरतीच्या कागदांत सापडतं.

1948 च्या 22 जूनला 'एम्पायर विंडरश' या जहाजातून कॅरिबियन बेटांवरचे प्रवासी लंडनजवळच्या टिलबरीला उतरले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, 5 जुलैला, ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. या नव्या सेवेला हात हवे होते, आणि पुढच्या दोन दशकांत जमैका, बार्बाडोस, त्रिनिदादहून हजारो मुली नर्सिंग शिकायला आल्या. शिकण्याचे रस्ते दोन होते. एक तीन वर्षांचा, स्टेट रजिस्टर्ड नर्सचा. त्यातून पुढे सिस्टर, मेट्रन होता येई. दुसरा दोन वर्षांचा, स्टेट एनरोल्ड नर्सचा. 1943 च्या कायद्याने सहायक नर्सची वेगळी यादी केली होती, तिच्यातूनच ही पायरी तयार झाली. या रस्त्याने गेलेली बाई बेडजवळ आयुष्यभर राबली तरी बढतीची दारं तिच्यासाठी जवळजवळ बंद असत.

कॅरिबियनहून आलेल्या कितीतरी मुलींना या दुसऱ्या रस्त्यावर टाकलं गेलं. पहिल्यासाठी लागणारं शिक्षण त्यांच्यापैकी अनेकींकडे होतं. दोन अभ्यासक्रमांत फरक काय, हे त्यांना कुणी समजावून सांगितलंच नाही. कित्येकींना तो कळला तो पास झाल्यावर, जेव्हा समजलं की ही पात्रता आपल्या देशात धरलीच जात नाही. म्हणजे वर चढायची वाट नाही आणि घरी परतायचीही नाही. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून हळूहळू बंद होत गेला.

आता हिशोब करून बघा. आज सत्तरीत असलेल्या इंग्रज माणसाने लहानपणापासून पन्नाशी जवळ येईपर्यंत जी हॉस्पिटलं पाहिली, त्यांत काळी नर्स बेडपॅन नेताना दिसायची आणि गोरी सिस्टर औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या कमरेला लावून फिरायची. त्याने जे डोळ्यांनी पाहिलं तेच तो माझ्या बाबतीत गृहीत धरतो आणि आपल्या मुलांनाही न बोलता तेच देऊन जातो. पण त्याला जे दिसलं ते कुणीतरी ऑफिसात बसून, अर्जांचे गठ्ठे वेगळे करून घडवलेलं होतं. म्हणून मला असल्या समजाला नुसतं अज्ञान म्हणवत नाही.

याला छेद देणाऱ्या बायकाही त्याच काळात होत्या. नायजेरियाच्या कोफोवोरोला प्रॅट लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात, नाइटिंगेलबाईंनी सुरू केलेल्या शाळेत शिकल्या. त्या मायदेशी परतल्या आणि इबादानच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलच्या पहिल्या नायजेरियन मेट्रन झाल्या. नायजेरियन वडिलांच्या ब्रिटिश नर्स एलिझाबेथ अनियोन्वू यांनी ब्रिटनमध्ये सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांसाठी नर्सचं वेगळं काम उभं केलं. 1979 साली लंडनच्या ब्रेंट भागात सिकलसेलचं पहिलं समुपदेशन केंद्र निघालं, त्यामागे त्या होत्या. सिकलसेल म्हणजे काय हे गडचिरोली-नंदुरबारच्या लोकांना मी सांगायला नको. हा आजार ज्यांना होतो त्यांच्या वेदनेकडे लक्ष द्यायला त्यांच्याच समाजातली नर्स पुढे यावी लागली, याचा मला अभिमानही वाटतो आणि रागही येतो. क्रिमियन युद्धात सैनिकांची शुश्रूषा करणाऱ्या जमैकाच्या मेरी सीकोल यांचा पुतळा सेंट थॉमसच्या आवारात उभा राहायला 2016 साल उजाडलं. त्यांना गाडून तेव्हा 135 वर्षं झाली होती. आणि तेव्हाही वाद झालाच, की या बाईंना नर्स म्हणावं की नाही!

माझं स्वतःचं आगमन याच गोष्टीचं पुढचं पान होतं. एजंटने सांगितलं, "सुरुवातीला नर्सिंग होममध्ये सहा महिने काढा, मग रजिस्ट्रेशन." आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे डॉक्टरचं छोटं खाजगी हॉस्पिटल. इथे येऊन पाहते तर ते वृद्धांचं निवासस्थान. व्हेंटिलेटर हाताळलेल्या आम्ही चौघीजणी, दोघी केरळच्या, एक फिलिपिन्सची आणि मी. सकाळी सहापासून आंघोळी, डायपर, नाश्ता. जिच्या सहीवर रजिस्ट्रेशन अवलंबून ती मॅनेजर औषधांची ट्रॉली आमच्या हातात देत नसे, आणि ट्रॉली हाताळल्याशिवाय आमचा अनुभव पूर्ण होत नसे. सहाचे अकरा महिने झाले. त्या काळात आलेल्या भारतीय नर्सना विचारा, दहापैकी सात-आठ जणी हेच सांगतील.

आता पद्धत बदलली आहे. भारतातून संगणकावरची परीक्षा, इथे आल्यावर प्रात्यक्षिकांची परीक्षा, ती पास होईपर्यंत खालच्या बँडचा पगार. हे जास्त स्वच्छ आहे आणि चांगलं झालं. पण परीक्षा पास झाल्यावर बारा वर्षं आयसीयू केलेली नर्स बहुतेक ठिकाणी बँड 5 च्या अगदी तळाशी बसते, कालच कॉलेजातून निघालेल्या मुलीच्या शेजारी. तिची बारा वर्षं कुठे गेली, हे कुणी लिहूनही ठेवत नाही. ब्रिटनच्या रजिस्टरवर आज पाचातल्या एकीहून अधिक नर्स परदेशात शिकलेल्या आहेत आणि अलीकडच्या वर्षांत नव्याने येणाऱ्यांत भारत सगळ्यांत पुढे आहे. एवढ्या साऱ्या बायका आणि पुरुष तळाच्या पायरीवर उभे केल्यावर पेशंटच्या नातेवाइकाने काय समजावं?

इंग्लंडच्या आरोग्यसेवेने 2015 पासून वर्णाप्रमाणे आकडे मोजायला सुरुवात केली, त्यातले दोन आकडे मी नेहमी शेजारी-शेजारी ठेवते. 2016 मध्ये गोऱ्या कर्मचाऱ्यांच्या तुलनेत इतर वर्णाच्या कर्मचाऱ्यांवर शिस्तभंगाची औपचारिक कारवाई सुरू होण्याची शक्यता 1.56 पट होती. हॉस्पिटलांनी चौकशी सुरू करण्याआधी थांबून विचार करायची पद्धत घातली, आणि 2020 पर्यंत ती 1.16 पटीवर आली. दुसरा आकडा मुलाखतीचा. मुलाखतीच्या यादीत नाव आलेल्यांपैकी प्रत्यक्ष नेमणूक मिळण्याची गोऱ्यांची शक्यता 2016 मध्ये इतरांच्या 1.57 पट होती. 2020 मध्ये ती 1.61 पट झाली. एका ठिकाणी काम करायची रीत बदलली, तर चार वर्षांत फरक दिसला. दुसरीकडे पॅनलची बैठक होती तशीच राहिली, तिथे काही हललं नाही. त्याच काळात पूर्वग्रहावरची प्रशिक्षणं भरपूर झाली. मी स्वतः तीन केली, प्रमाणपत्रं आहेत माझ्याकडे.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त त्रास कौतुकाचा होतो. "तुम्ही भारतीय नर्स किती प्रेमळ असता, तुमच्या संस्कृतीतच सेवा आहे." फिलिपिन्सच्या नर्सनाही हेच ऐकवतात: किती हसतमुख, कधी तक्रार नाही. बोलणारा मनापासून बोलतो. पण प्रेमळपणा जन्मजात मानला की त्यामागचं शिक्षण दिसेनासं होतं. औषधाचा डोस मनात तपासणं, जखमेचा रंग वाचणं, कुठल्या पेशंटकडे आधी धावायचं हे अर्ध्या मिनिटात ठरवणं, हे रक्तातून येत नाही. ते मी शिकले, परीक्षा देऊन शिकले, चुकून शिकले. आणि जिच्या रक्तातच सेवा आहे तिला बढती कशाला हवी असेल? ती बेडजवळच शोभते. मुलाखतीच्या पॅनलवर हे वाक्य मी वेगळ्या कपड्यांत ऐकलं आहे: "शी इज सच अ लव्हली नर्स," आणि पुढे निवड दुसरीची. 8 डिसेंबर 2020 ला कॉव्हेंट्रीत चाचण्यांबाहेरची ब्रिटनमधली पहिली कोविड लस टोचणारी मे पार्सन्स ही मूळची फिलिपिन्सची नर्स. तो फोटो जगभर गेला. त्या वर्षी घराघरांतून आमच्यासाठी टाळ्या वाजल्या. ऑगस्ट 2024 च्या स्थलांतरितांविरुद्धच्या दंगलीत सुंदरलँडला तातडीच्या ड्यूटीवर निघालेल्या दोन फिलिपिनो नर्सवर दगड पडले. कौतुकाने आम्हाला टाळ्या दिल्या, हुद्दा आणि सुरक्षितता दिली नाही.

इथे एक गोष्ट मला जपून लिहायची आहे. "तुला चक्क साफसफाईवाली समजले?" असं पुण्याची माझी मैत्रीण किंचाळली, तेव्हा तिच्या आवाजातली किळस मला माझ्या अपमानापेक्षा जास्त बोचली. हॉस्पिटलांच्या सफाईवर पिढ्यान्‌पिढ्या कुठल्या जातींची माणसं नेमली जातात, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. मी नर्सिंगला जायचं म्हटलं तेव्हा माझे वडीलही म्हणाले होते, "लोकांची घाण काढायला शिकवलं का तुला?" बेडसोअर होऊ नये म्हणून जड पेशंटला कसं वळवायचं, हे मला मुंबईत पहिल्यांदा एका मावशींनी शिकवलं, ट्यूटरने नाही. आजही माझ्या वॉर्डात मी बेडपॅन देते आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. मला सफाई कामगार समजले याचं दुःख नाही. कातडी बघून काम वाटून देणं मला सलतं. जन्म बघून काम वाटून देणारा समाज मी जवळून पाहिला आहे, त्यामुळे हे ओळखायला मला वेळ लागत नाही.

आणि हा प्रश्न मानापमानावर थांबत नाही. मी स्टाफ नर्स असतानाची एक रात्र. पोटाचं ऑपरेशन होऊन आलेला पेशंट, नाडी 124, रक्तदाब हळूहळू उतरतोय, लघवी जवळजवळ थांबलेली, हातपाय गार. आतून रक्तस्राव होतोय हे मला दिसत होतं. ड्यूटीवरच्या डॉक्टरला दोनदा बोलावलं. तो आला आणि माझ्या शेजारच्या गोऱ्या हेल्थकेअर असिस्टंटला त्याने विचारलं, "हे संध्याकाळपासून कसे होते?" ती म्हणाली, मला माहीत नाही, नर्स त्या आहेत. मग मला प्रश्न आला, "बीपी नीट घेतलंत ना?" त्याने पुन्हा घेतलं. मग दुसऱ्या हाताला. मग मशीन बदलून. सर्जनला फोन जाईपर्यंत चाळीस मिनिटं गेली. पेशंट वाचला, पहाटे त्याला पुन्हा ऑपरेशनला नेलं. डॉक्टर वाईट नव्हता, नंतर त्याने माफीही मागितली. पण नातेवाइकाच्या नजरेत जे असतं तेच त्याच्या कानात होतं. ती चाळीस मिनिटं माझ्या खात्यातून गेली नाहीत, पेशंटच्या गेली.

म्हणून 'पेशंट म्हातारा आहे, स्मृतिभ्रंश आहे, समजून घ्या' हे उत्तर मी अर्धंच स्वीकारते. स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांनी मला काहीही म्हणावं, मी त्यांचा हात धरून बसेन. तो आजार आहे आणि तो माझा विषय आहे. पण त्यांच्या मुलाने "बाबांकडे इंग्लिश नर्सच द्या" म्हटल्यावर रोस्टर बदलणारी व्यवस्था आजारी नसते. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या एका वृद्धगृहाने एका रहिवाशाच्या सांगण्यावरून काळ्या सहायिकेला त्या खोलीत जायची मनाई केली होती, रोजच्या कामाच्या कागदावर तसं लिहून. 2010 साली तिथल्या वरच्या न्यायालयाने सांगितलं की रहिवाशाची आवड हे मालकाने वर्णभेद करण्याचं कारण होऊ शकत नाही. इंग्लंडमध्ये एप्रिल 2020 पासून वांशिक छळ करणाऱ्या पेशंटला तातडीचे नसलेले उपचार नाकारण्याची तरतूद झाली आहे. पण रात्री अडीच वाजता वॉर्डावर एकटी असलेल्या, व्हिसा मालकाच्या हातात असलेल्या नव्या मुलीने ती तरतूद वापरायची कशी? तिच्यासाठी तो नियम फलकावरचा मजकूर असतो. तिच्या वतीने बोलणं हे वॉर्ड मॅनेजरचं काम आहे आणि ते तिच्या कामाच्या यादीत लिहिलेलं असायला हवं.

आता आपल्याकडे. दोन वर्षांपूर्वी आईला पुण्यात अॅडमिट केलं होतं. रात्री ड्यूटीवर मणिपूरची एक नर्स होती. तिने आईच्या ऑक्सिजनबद्दल भावाला काही समजावलं, हिंदीत, नीट. भावाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ठीक आहे, पण जरा सिनियर सिस्टरना बोलवता का?" ती शांतपणे म्हणाली, "मैं ही इनचार्ज हूँ." मी शेजारी उभी होते. वीस वर्षं ज्याच्याशी मी भांडते आहे ते माझ्या घरच्या माणसाच्या तोंडून आलं, आणि भावाला मी तिथे काहीच बोलले नाही. सकाळी बोलले. तिला मात्र सॉरी म्हणायचं राहून गेलं, तिची ड्यूटी संपली होती.

मे 2020 मध्ये कोलकात्याच्या खाजगी हॉस्पिटलांतून मणिपूरच्या दीडशेहून अधिक नर्स नोकरी सोडून घरी गेल्या. त्यांनी सांगितलेल्या कारणांत चेहऱ्यावरून होणारा छळ होता. जून 2021 मध्ये दिल्लीतल्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात नर्सनी आपसांत मल्याळम बोलू नये असं परिपत्रक निघालं. ओरड झाली आणि ते लगेच मागे घ्यावं लागलं. मुंबई-पुण्याची कितीतरी हॉस्पिटलं केरळच्या मुलींनी सावरली आहेत, आणि तरी 'मल्याळी सिस्टर' म्हणताना आपल्या आवाजात काय असतं ते आपण सगळेच जाणतो. आपल्या मुली परदेशात जातील तेव्हा त्यांना मान मिळावा असं वाटत असेल, तर इंफाळहून आलेल्या मुलीचा हुद्दा तिच्या चेहऱ्याच्या आधी वाचण्याची सवय आपल्यालाही लावून घ्यावी लागेल. आपल्याकडे तर हे मोजायचीही सोय नाही. कुठल्या राज्याच्या, कुठल्या समाजाच्या किती नर्स परिसेविका होतात, कितींवर चौकशा लागतात, याचे आकडे हॉस्पिटलांनी दरवर्षी जाहीर केले तर निदान बोलायला जमीन मिळेल.

माझ्या वॉर्डात कोट्टायमची एक मुलगी आहे. सात वर्षं बँड 5 वर. रात्री ती वॉर्ड सांभाळते तेव्हा मी निश्चिंत झोपते. पुढच्या महिन्यात ती बँड 6 साठी चौथ्यांदा मुलाखत देणार आहे. आधीच्या तिन्ही वेळचे लेखी अभिप्राय मी मागवून घेतले. 'आत्मविश्वास कमी जाणवला', 'नेतृत्वाची छाप पडली नाही', 'अजून थोडा वेळ द्यावा'. कुठल्या प्रश्नाला किती गुण दिले, हे एकाही कागदावर नाही. या वेळी पॅनलवर मी आहे. प्रत्येक प्रश्नाचे गुण उमेदवार खोलीबाहेर जाताच, आपसांत बोलायच्या आधी, प्रत्येकाने कागदावर लिहायचे, असं मी लेखी कळवलं आहे. अजून उत्तर आलेलं नाही. सोमवारी मी पुन्हा विचारणार आहे.